डान्यूब नदीचीं दोन मंडळें

तहनाम्यांचे अभ्यासक मैत्रीचीं व शपथांचीं कलमें बारकाईनें वाचतात. पैसा, नोकर आणि मतें यांविषयींचीं कलमें मात्र वरवर चाळून पुढें जातात. अनेक राज्यांनीं मिळून उभारिलेल्या संस्थेचें यशापयश या दुसऱ्या कलमांतच ठरतें, असें आमचें मत आहे. त्यास आधार ३० मार्च १८५६ रोजीं झालेल्या पॅरिसच्या तहाचा.

क्रिमियाचें युद्ध मिटविणाऱ्या या तहानें डान्यूब नदीसाठीं दोन मंडळें नेमिलीं. पहिलें युरोपीय मंडळ. त्यांत ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया, सार्डिनिया व तुर्कस्तान यांचे प्रतिनिधी होते. नदीचीं मुखें मोकळीं करणें हें त्याचें काम, आणि मुदत अवघी दोन वर्षांची. दुसरें तीरवर्ती राज्यांचें मंडळ. तें कायमचें, पहिलें विसर्जित झाल्यावर मुखांची निगाही त्याजकडेच जावयाची होती.

घडलें नेमकें उलट. तीरवर्ती मंडळानें ७ नोव्हेंबर १८५७ रोजीं नौकानयनाचे नियम केले. नदीअंतर्गत वाहतूक तीरवासीयांपुरती राखण्याचा त्यांत यत्न असल्यामुळें १८५८ च्या पॅरिस परिषदेंत ते मान्य झाले नाहींत, आणि मंडळ निष्प्रभ झालें. दोन वर्षांचें मंडळ मात्र ऐंशीं वर्षें टिकलें.

पहिल्यामागें समुद्रसत्तांचें बळ होतें, असा आक्षेप कोणी घेईल. तो अंशतः खरा आहे. परंतु ऑस्ट्रिया व तुर्कस्तान तर दोन्ही मंडळांत होते. तेव्हां कलमेंच ताडून पाहणें प्राप्त आहे. सोळावें कलम युरोपीय मंडळास खर्च भागविण्यापुरती जकात बहुमतानें ठरविण्याचा अधिकार देतें, आणि सर्व राष्ट्रांच्या जहाजांस समान वागविण्याची अट घालतें. सतरावें कलम तीरवर्ती मंडळाचीं कर्तव्यें मोजतें. पैसा कोठून यावयाचा, तें सांगत नाहीं.

सुलिनाच्या मुखावर पूर्वीं ७ ते ११ फूट पाणी असे. मंडळाचे स्थापत्यविशारद चार्ल्स हार्टली यांनीं १८५८ ते १८६१ या काळांत समुद्रांत बांध घालून तें १६ फुटांहून खोल केलें. काम दिसलें म्हणून मुदत वाढली, आणि जकातीचा भरवसा होता म्हणून १८६८ सालीं १,३५,००० पौंडांचें कर्जही मिळालें.

या यशाची किंमत रुमानियानें दिली. मुखें त्याच्या भूमींत, अंमल परक्यांचा. १८७८ च्या बर्लिनच्या तहानें त्यास मंडळांत जागा मिळाली. तथापि १८८३ च्या लंडनच्या परिषदेनें मंडळाचा अधिकार ब्राइलापर्यंत वाढविला, तेव्हां त्यास समान मत नव्हतें, आणि त्यानें तो निर्णय मानिला नाहीं. हा वाद १९२७ सालीं हेगच्या न्यायालयापुढें गेला. अखेर १९३८ च्या सिनाया करारानें मंडळाचे बहुतेक अधिकार रुमानियाकडे आले. तिजोरी व बहुमत संस्थेस चालवितात. परंतु ज्याच्या दारांत ती उभी, त्यास वगळून झालेला निर्णय तिच्या मुळाशीं कीड लावितो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, तहाच्या मूळ प्रतीबरोबर जकातीचे तक्ते, पगारपत्रकें व जमाखर्चाच्या वह्याही जतन कराव्या. मूळ तहांत संकल्प सांपडेल. तो सिद्धीस कां गेला अथवा कां फसला, याचें उत्तर या वह्यांत आहे.