मेथीला ‘ग्रीक वैरण’ कोणी म्हटले?

१/ शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या नावात दोन गोष्टी ऐकू येतात : कवठाचे झाड आणि येमाई देवी. गावांच्या नावांत जशा वनस्पती वसतात, तसे वनस्पतींच्या नावांत देश वसतात. रोजच्या ताटातील मेथीचेच उदाहरण घेऊ.

२/ मेथी ही भूमध्य समुद्राच्या परिसरात प्राचीन काळापासून परिचित असलेली एकवर्षायू वनस्पती. ग्रीकांचे लक्ष तिच्या वाकड्या शेंगेकडे गेले. त्यांनी तिला ‘बूकेरास’, म्हणजे बैलाचे शिंग, असे नाव दिले. जर्मन भाषेतील तिच्या आजच्या नावात बोकडाचे शिंग आहे.

३/ रोमनांनी तिच्यात चारा पाहिला. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात बैलांच्या चाऱ्यात तिची गणना केली. लॅटिन नाव ‘फीनम ग्रेकम’, म्हणजे ग्रीक वैरण. इंग्रजीतील ‘फेनुग्रीक’ त्यातूनच आले.

४/ १७५३ मध्ये लिनियसने हे जुने नाव कायम ठेवून त्यापुढे ‘ट्रायगोनेला’ जोडले. अर्थ : छोटा त्रिकोण. हे नाव फुलाच्या आकारावरून आले.

५/ मग मेथी मूळची ग्रीसची का? तसे म्हणता येत नाही. इराकमधील तेल हलाल येथे तिचे सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचे जळके दाणे सापडले. इजिप्तमध्ये तुतनखामुनच्या थडग्यातही मेथीदाणे होते. रोम तेव्हा अस्तित्वातही नव्हते.

६/ आता आपल्याकडे पाहू. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ग्रंथात मेथी व ओवा ‘चतुर्बीज’ या एकाच गटात येतात. ओव्याचे संस्कृत नाव यवानी. ते ‘यवन’ शब्दाशी जोडले जाते. यवन म्हणजे मूळ अर्थाने ग्रीक. रोमने मेथीला ग्रीक ठरवले, आपण ओव्याला!

७/ यवन आपल्याला अनोळखी नव्हते. पुणे जिल्ह्यातीलच कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांच्या शिलालेखांत यवन दानकर्ते भेटतात. परंतु तेवढ्यावरून ‘ओवा यवनांनी आणला’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. नाव संपर्काची साक्ष देते. जन्मस्थानाची साक्ष मातीतील दाण्यांकडे मागावी लागते.

८/ तरीही नावे मोलाची आहेत, कारण नाव देणाऱ्याची नजर त्यांत टिकून राहते. कोणाला शिंग दिसले, कोणाला त्रिकोण, कोणाला बैलाची वैरण. भाकरीबरोबर तिची भाजी खाणाऱ्या आपल्याला मात्र रोमन शेतकऱ्याने दिलेले हे नाव आजही नवलाचेच वाटते.

तुमच्या गावाच्या नावात कोणती वनस्पती दडली आहे?