तळटीप : फ्रीमेसन

फ्रीमेसन : बंधुभाव मानणाऱ्या सभासदांची जगभर पसरलेली संघटना, खूण गवंड्याचा गुण्या आणि कंपास. पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी यांना मुंबईच्या गोऱ्या लॉजचे (म्हणजे संघटनेच्या शाखेचे) दार बंदच राहिले. हा अन्याय संघटनेतल्याच डॉ. जेम्स बर्न्स यांना दिसला असावा. १८४३मध्ये त्यांनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढले. बंद दाराआडच्या विधींमुळे देशात अनेक ठिकाणी लॉजच्या इमारतींना ‘भुताचा बंगला’, ‘जादूघर’ अशी नावे पडली. ‘सरकारे हेच लोक बसवतात’ ही बारामती-इंदापूरकडच्या पारावरची समजूत मात्र निराधार आहे. गुप्त असतात त्या ओळखीच्या खुणा आणि दीक्षाविधी, संघटना नव्हे. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१पासून उघडपणे काम करते. — संपा.