रत्नागिरी ते पणजी : भाड्याची मोटार ठरविताना

कोल्हापूर - रत्नागिरीहून पणजीला दारापासून दारापर्यंत मोटारीने जायचे असल्यास प्रथम क्रमांकाची पाटी पाहावी. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या पेट्रोल-डिझेल मोटारीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीस भाडे देऊन प्रवास केल्यास अपघातानंतर विम्याची भरपाई अडचणीत येऊ शकते. राज्याची हद्द ओलांडायची असल्याने अखिल भारतीय पर्यटक परवान्याचीही खात्री करावी. हातखंबा येथे लागणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ राजापूर, कणकवली, कुडाळमार्गे गोव्यात जातो. मोटार कोल्हापुरातून मागविल्यास किलोमीटर बहुधा येथूनच मोजले जातात. त्यामुळे रिकाम्या परतीचे भाडे, टोल व चालकभत्ता कोणी द्यायचा, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.