वगळलेली गाणी

शेगावात टाळ-मृदंगाच्या नादात वाढलेल्या तरुणांना ‘हेवी मेटल’चा कर्कश ध्वनीही आता परका राहिलेला नाही. त्या संगीताच्या इतिहासातील एक प्रकरण आम्हांस बोधप्रद वाटते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या नगरीत ‘जुडास प्रीस्ट’ हा वाद्यवृंद उदयास आला. नावातील यहूदाने वाचकांनी दचकू नये. ते बॉब डिलन यांच्या १९६७ मधील एका गीतावरून घेतलेले आहे. १९७४ साली ‘गल’ या छोट्या कंपनीने त्यांची ‘रॉका रोला’ ही पहिली ध्वनिमुद्रिका काढली, आणि पदरी निराशा आली. ध्वनिमुद्रण निस्तेज होते. शिवाय निर्माते रॉजर बेन यांनी ‘टायरंट’, ‘जेनोसाइड’ आणि ‘द रिपर’ ही श्रोत्यांची आवडती गाणी वगळली होती. हीच गाणी १९७६ च्या ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत आली आणि तिचे आधारस्तंभ ठरली. पहिलीच्या ध्वनीचा दोष दूर व्हायला मात्र ५० वर्षे लागली. २०२४ साली टॉम अ‍ॅलम यांनी तिचे नव्याने ध्वनिमिश्रण केले.

मुलांचा पहिला प्रयत्न फसला की आपण निकाल देऊन मोकळे होतो. त्यात उणे काय होते, एवढेच आपण पाहतो. त्यांच्याजवळचे काय आपण घेतलेच नाही, हेही विचारावयास हवे.