विषहरण : खरे आणि कल्पित

सहा-सात वर्षांचे मूल एकाएकी डोळे मिचकावू लागते, मान झटकते, खांदे उडवते, नाहीतर सर्दी नसताना सारखा घसा खाकरते. घरातली माणसे त्याला चाळा म्हणतात. वैद्यकात त्यास ‘टिक’ अशी संज्ञा आहे. रागावून तो चाळा थांबत नाही असे दिसले म्हणजे आईबापांचे मन दुसरीकडे धावते. पोटात जंत असतील, अंगात उष्णता असेल, नको ते काही साठले असेल. ते एकदा बाहेर काढले की झाले! मागच्या पिढ्यांनी त्यासाठी एरंडेल पाजले; आजची पिढी ‘डिटॉक्स’ म्हणते. शब्द बदलला, कल्पना तीच राहिली. या कल्पनेचा इतिहास उद्बोधक आहे, आणि मुलांच्या जिवाशी त्याचा संबंध असल्यामुळे तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

इंग्लंडमधील विख्यात वैद्य टॉमस सिडनहॅम याने १६८६ साली मुलांच्या एका व्याधीचे वर्णन केले. तीत हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात. तिला ‘कोरिया’ म्हणतात. शरीरातील एखादा दूषित रस मज्जातंतूंवर उतरल्याने हे घडते अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने मुलांचे रक्त काढले आणि त्यांना रेचके दिली. मुले बरी झाली! परंतु घशातील जंतुसंसर्गामागून येणारी ही व्याधी बहुधा काही महिन्यांत आपली आपणच ओसरते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. काम निसर्गाने केले. श्रेय रेचकाला मिळाले.

टिकांच्या बाबतीत अशी फसगत होण्याचा संभव तर अधिकच. पॅरिसच्या झील द ला तुरेत यांनी १८८५ साली नऊ रुग्णांची हकीगत प्रसिद्ध करून ही व्याधी कोरियाहून निराळी आहे, असे दाखवले. ती भरती-ओहोटीसारखी वागते. काही आठवडे जोर, मग उतार, पुन्हा जोर. बहुधा दहा-बारा वर्षांच्या सुमारास ती कळसास पोचते आणि पुढे बहुतेक मुलांत मंदावते. साहजिकच आईबाप उपाय शोधतात ते भरतीच्या वेळी. आणि ओहोटी लागली की शेवटचा उपाय गुणकारी ठरतो.

मग शरीरातून विष काढून टाकण्याची कल्पना सर्वस्वी खोटीच काय? नव्हे. आणि येथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. टिकांवरील एक महत्त्वाचा फ्रेंच ग्रंथ मेज आणि फँदेल यांनी १९०२ साली लिहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९०७ साली केला तो किनियर विल्सन या मज्जातंतुतज्ज्ञाने. याच विल्सनने १९१२ साली एका वेगळ्याच आजाराचे वर्णन केले. त्यात यकृत बिघडते, हात कापतात, बोलणे अडखळते. पुढे १९४८ साली कमिंग्ज यांनी दाखवले की, अशा रुग्णांच्या मेंदूत व यकृतात तांबे साठलेले असते. म्हणजे येथे विष खरेच होते! १९५६ साली वॉल्श यांनी ते तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलॅमिन हे औषध पुढे आणले आणि ज्यांची आशा सुटली होती अशी मुले वाचू लागली. या रोगात पथ्यही खरेच असते. यकृताचे मांस, शिंपल्यातील मासे, चॉकलेट, सुकामेवा वर्ज्य; आणि ज्याला आपण शुद्धीकारक मानतो ते तांब्याच्या भांड्यातील पाणीही वर्ज्य!

या यशाचे रहस्य काय? विषाचे नाव ठाऊक होते, त्याचे मोजमाप करता येत होते, आणि त्याचाच उतारा हाती होता. टिकांच्या मुळाशी असे कोणतेही साठलेले विष आढळलेले नाही. ज्याला नाव नाही ते विष उपसायला निघाले म्हणजे काय होते, त्याची साक्षही इतिहासात आहे. २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आत्ममग्नता असलेल्या पाच वर्षांच्या मुलास धातू काढण्यासाठी ईडीटीए नावाच्या औषधाचा एक प्रकार शिरेतून देण्यात आला. त्याने रक्तातील कॅल्शियम खाली गेले आणि मूल दगावले. तसेच २००४ साली बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक तयार औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा सोमल सापडले. शुद्धीसाठी घेतलेल्या पुडीतच विष असावे, याहून मोठा विरोधाभास कोणता?

आहाराकडे वळू. २००७ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी सुमारे तीनशे मुलांवर प्रयोग करून दाखवले की, खाद्यरंग व सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता थोडी वाढते. तो प्रयोग चंचलतेचा होता, टिकांचा नव्हे. तथापि रंगीत गोळ्या व पेये कमी केल्याने कोणाचे नुकसान होत नाही. चहा-कॉफी मुलांना नसावीच. मात्र दूध, गहू, अंडी असे पदार्थ एकदम बंद करून वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे, हा उपचार नव्हे. एखाद्या पदार्थाचा संशय आलाच तर डॉक्टरांना विचारून तेवढाच काही आठवडे थांबवावा, वहीत नोंद ठेवावी, आणि पुन्हा सुरू करून पाहावा. जुना रंग, सुरमा यांमुळे शिशाची शंका असेल तर रक्त तपासावे; शिसे निघाले तर आधी त्याचा उगम घरातून दूर करावा. कावीळ, थरथर, बिघडत जाणारे अक्षर, अडखळती वाणी अशी लक्षणे असतील तर विल्सनच्या रोगाची तपासणी अवश्य करावी.

मग टिकांना उपाय नाही काय? आहे, आणि त्याचे बीज विल्सनने अनुवादिलेल्या त्या ग्रंथातच होते. मेज आपल्या रुग्णांना आरशासमोर उभे करून स्थिर राहण्याचा अभ्यास देत. १९७३ साली एझ्रिन व नन या मानसशास्त्रज्ञांनी अशा सवयी उलटवण्याची एक शिस्तबद्ध पद्धत मांडली. चाळ्याची ऊर्मी ओळखायची आणि त्या क्षणी त्याला विरोधी अशी हालचाल करायची. २०१० साली या पद्धतीची १२६ मुलांवर पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक मुले सुधारली, तर नुसता धीर व माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण पाचांत एकाहून कमी राहिले. त्रास अधिक असेल तर औषधेही आहेत. ती मात्र तज्ज्ञांच्याच हातून घ्यावीत.

तेव्हा घरात एखाद्या मुलाचे डोळे मिचकावू लागले तर त्याला टोकू नये, त्याची नक्कल कोणी करू नये. वेळेवर झोप, पोटभर साधे जेवण, मोकळे खेळणे आणि डॉक्टरांची एक भेट, एवढ्यावर आरंभ करावा. बहुतेक घरांत पुढचे काम वाढते वयच करते. आपल्या घाईने त्या मुलाला अपाय होणार नाही, एवढी दक्षता आपण घ्यायची आहे.