दप्तराला प्रश्न कसा विचारायचा?

सॉफ्टवेअर करणारी मुलं आम्हाला विचारतात, ‘सर, डेटाबेसशी थेट एसक्यूएलमध्ये बोलावं की ओआरएम वापरावं?’ तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हा प्रश्न का? कारण तो फार जुना आहे. नोंद आणि आपण यांच्यामध्ये मध्यस्थ किती असावा, एवढाच तो प्रश्न.

आपल्या बुलढाण्याचंच पाहू. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६० च्या दशकात मुंबई पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. गावाचं दप्तर पटवाऱ्याकडे. कुठला कागद कुठल्या रुमालात बांधलाय, हे त्यालाच ठाऊक.

सुरुवातीचे डेटाबेसही असेच होते. एका नोंदीवरून पुढच्या नोंदीकडे वाट काढत जायचं. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलं, की नोंद कुठे ठेवली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही. काय हवं तेवढं सांगा. त्यातून १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांची भाषा आली, तीच पुढे एसक्यूएल झाली.

मग मध्यस्थ पुन्हा आला. तक्त्यातली ओळ प्रोग्रामातली वस्तू करून देणारा ओआरएम. जावामधलं हायबरनेट २००१ चं.

आता समजा, चिखली तालुक्यातल्या एका गावाचे ५० खातेदार आणि प्रत्येकाचे फेरफार हवेत. एसक्यूएलमध्ये दोन तक्ते जोडून एकच प्रश्न पुरतो. ओआरएम बेफिकिरीने वापरला, तर यादीसाठी एक आणि प्रत्येक खातेदारासाठी एक, अशा ५१ खेपा होतात. पडद्यावर दिसतं तेच. आपल्या संगणकावर पाच नोंदींत काही कळत नाही. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा घ्यायला रांग लागते, तेव्हा कळतं. ‘फेरफार सोबतच आण’ असं ओआरएमला आधी सांगता येतं, पण खेपा होताहेत हे दिसलं तर ना!

थेट एसक्यूएल तरी निर्धोक आहे का? माणसाने टाइप केलेलं नाव जसंच्या तसं प्रश्नात चिकटवलं, तर एखादा लबाड त्यातूनच आपला हुकूम घुसवतो. म्हणून मूल्यं वेगळी, पॅरामीटर म्हणूनच द्यायची.

आमचं मत असं : रोजच्या नोंदी-दुरुस्तीला ओआरएम, मोठ्या अहवालांना एसक्यूएल. एकाच प्रकल्पात दोन्ही सुखाने नांदतात. अट एकच : ओआरएमने आपल्या नावाने कोणता प्रश्न विचारला, तो वाचता आला पाहिजे.

पटवारी होता, यात वाईट काही नव्हतं. त्याने काय लिहिलं ते खातेदाराला वाचता येत नव्हतं, तिथे घात होता.