एडिंबराचे आगंतुक

1947 च्या उन्हाळ्यात एडिंबराच्या किल्ल्यावर रोषणाई करायची की नाही, यावरून बरीच ओढाताण झाली. महायुद्ध संपून दोन वर्षं उलटली होती, पण ब्रिटनमध्ये कोळसा अजून मोजूनमापूनच मिळत होता. इंधनमंत्री तयार होईनात, तेव्हा शहरातल्या लोकांनी आपल्या वाट्याचा कोळसा देऊ केला आणि अखेर किल्ला उजळला. निमित्त होतं 24 ऑगस्टला सुरू होणाऱ्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कलामहोत्सवाचं. कल्पना रुडॉल्फ बिंग यांची. व्हिएन्नात जन्मलेले हे गृहस्थ इंग्लंडमध्ये ग्लाइंडबोर्नच्या ऑपेराचा कारभार पाहत. बाँबहल्ल्यांतून बरंचसं वाचलेलं आणि पाहुण्यांची सोय होऊ शकेल असं शहर ते शोधत होते. एडिंबराचे महापौर सर जॉन फाल्कनर यांनी ही कल्पना उचलून धरली.

पाहुणे तोलामोलाचे आले. नाझींमुळे परागंदा झालेले संगीतसंचालक ब्रूनो वॉल्टर आणि त्यांचा जुना व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद इथे पुन्हा एकत्र आले. नाटकांसाठी लंडनची ओल्ड विक कंपनी होती, पॅरिसहून लुई जूवे यांची मंडळी होती.

स्कॉटलंडचं नाटक मात्र अधिकृत कार्यक्रमात एकही नव्हतं.

आणि मग आठ मंडळ्या आमंत्रणाशिवायच आल्या. सहा स्कॉटलंडमधल्या, दोन इंग्लंडमधल्या. कामगारवस्तीतल्या कलावंतांची ग्लासगो युनिटी थिएटर ही मंडळी गॉर्कीचं ‘द लोअर डेप्थ्स’ घेऊन आली आणि सोबत रॉबर्ट मॅक्लेलन यांचं खास स्कॉटिश बोलीतलं नाटकही. क्रिस्टीन ऑर यांच्या मंडळीने ‘मॅकबेथ’ केलं. कलामहाविद्यालयाच्या मुलांनी स्ट्रिंडबर्ग निवडला, तर लंडनच्या पिलग्रिम प्लेअर्सनी टी. एस. एलियटची दोन नाटकं आणली. लँचेस्टर यांच्या कळसूत्री बाहुल्यांचे खेळ एका चित्रपटगृहात झाले. आठवा प्रयोग तर एडिंबरात झालाच नाही. ‘एव्हरीमन’ हे मध्ययुगीन नाटक फोर्थच्या खाडीपलीकडे डनफर्मलिनच्या ॲबीत झालं, आणि तरी इतिहासात त्याची मोजणी याच आठांत होते.

पुढे या घटनेला बंडाचं रूप दिलं गेलं. ग्लासगो युनिटीच्या मनात राग होता हे खरं. पण एकूण आठांचा हिशेब त्याहून साधा असावा. शहरात जगभरचे प्रेक्षक येणार, समीक्षक येणार, मग आपला प्रयोग याच दिवसांत का लावू नये? या मंडळ्यांची एकमेकांशी सल्लामसलत नव्हती, सामाईक जाहीरनामा नव्हता. बंडाला निदान एखादी बैठक तरी लागते.

नाव पडलं ते दुसऱ्या वर्षी. रॉबर्ट केंप या नाटककार-पत्रकाराने 1948 मध्ये ‘एडिंबरा ईव्हनिंग न्यूज’मध्ये लिहिताना अधिकृत नाटकांच्या कडेकडेने चाललेल्या या खासगी उद्योगाचा उल्लेख ‘फ्रिंज’, म्हणजे काठ, असा केला. गंमत अशी की त्याच वर्षी अधिकृत महोत्सवात गाजलेल्या ‘थ्री एस्टेट्स’ या सोळाव्या शतकातल्या स्कॉटिश नाटकाची रंगावृत्ती केंप यांचीच होती. टायरन गथ्री यांनी ती चर्चच्या असेंब्ली हॉलमध्ये बसवली होती. म्हणजे काठावरच्यांचं बारसं मांडवातल्या माणसाने केलं.

त्यानंतरची दहा वर्षं पाहिली तर ही फ्रिंज सोयीसोयीने वाढत गेलेली दिसते. 1951 मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बाहेरगावच्या कलावंतांसाठी स्वस्त जेवणाची आणि झोपण्याची सोय केली. 1954 मध्ये एका छापखान्याने सगळ्या खेळांची एकत्रित पत्रिका छापली. पुढच्याच वर्षी एका ठिकाणाहून तिकिटं विकण्याचा पहिला प्रयत्न झाला. या साऱ्यातून दशकाच्या अखेरीस फ्रिंज सोसायटी उभी राहिली, आणि तिने आपल्या घटनेतच एक गोष्ट नक्की केली: कुणाचंही नाटक आम्ही पारखणार नाही. ज्याला जागा मिळाली आणि ज्याने नाव नोंदवलं, त्याचा खेळ पत्रिकेत छापला जाईल.

महोत्सव म्हटलं की निवड समिती आलीच, अशी सवय असलेल्यांना हे अजब वाटेल. पण फ्रिंजचं सगळं भलंबुरं या एका कलमातून निघालेलं आहे.

त्यातलं भलं आधी सांगायला हवं. ऑगस्ट 1966 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी क्रॅन्स्टन स्ट्रीटवरच्या एका हॉलमध्ये 29 वर्षांच्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या लेखकाचं नाटक केलं. ‘हॅम्लेट’मधल्या दोन दुय्यम पात्रांना नायक करणारं हे नाटक म्हणजे ‘रोझेनक्रँट्स अँड गिल्डनस्टर्न आर डेड’, आणि लेखक टॉम स्टॉपर्ड. युद्धकाळात आईबरोबर भारतात येऊन दार्जिलिंगच्या शाळेत शिकलेला हा मुलगा. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये रोनाल्ड ब्रायडन यांचं भरभरून परीक्षण आलं. ते वाचून नॅशनल थिएटरच्या केनेथ टायनन यांनी संहिता मागवणारी तार केली. एप्रिल 1967 मध्ये तेच नाटक लंडनच्या ओल्ड विकमध्ये उभं होतं. एखाद्या निवड समितीने ते घेतलं असतं का? कदाचित घेतलंही असतं. पण इथे विचारण्याची गरजच पडली नाही.

सरकारी कात्री मात्र सगळ्यांनाच लागू होती. ब्रिटनमध्ये 1737 पासून नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन यांच्या कार्यालयातून मंजूर व्हावी लागे. रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाशी झुंजलेल्या मराठी नाटकवाल्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. 1968 च्या कायद्याने ती गेली. तोवरची पळवाट म्हणजे खासगी क्लब. महोत्सवाचं वारं बारमाही वाहतं ठेवण्यासाठी जानेवारी 1963 मध्ये जिम हेन्स, रिचर्ड डेमार्को आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या एडिंबरात, एकेकाळी वेश्यागृह असलेल्या इमारतीत ट्रॅव्हर्स थिएटर काढलं, ते क्लब म्हणूनच. पहिल्या खेळात सार्त्रचं नाटक होतं. दुसऱ्याच रात्री प्रयोगातली कागद कापायची सुरी एका अभिनेत्रीला खरोखरच लागली. ट्रॅव्हर्सला यापेक्षा मोठी जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती.

1973 पासून ‘द स्कॉट्समन’ या दैनिकाने नव्या नाटकांसाठी ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार सुरू केले. 1982 मध्ये तो मान हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरने ‘चरणदास चोर’ या नाटकासाठी मिळवला. विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरचं हे नाटक छत्तीसगडी बोलीत, नाचा परंपरेतल्या ग्रामीण कलावंतांनी उभं केलेलं. तन्वीर स्वतः 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये नाट्यशिक्षण घेऊन आले होते. तिथून परतल्यावर त्यांनी तिथली भाषा नाकारून गावातले नट घेतले आणि त्याच नटांना घेऊन ते तिथे परत गेले, हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रवास म्हणावा लागेल.

आता गाडा चालतो कसा ते पाहू. चर्चची सभागृहं, फ्रीमेसनांची घरं, शाळा, दारूच्या गुत्त्यांची तळघरं, विद्यापीठाचे वर्ग, जागा कसलीही चालते. (1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’चे प्रयोग पाहिलेल्यांना याचं नवल नाही.) एकाच हॉलमध्ये सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक मंडळ्या. प्रत्येकीला तासाभराचा वेळ. आधीच्यांनी आपलं सामान काही मिनिटांत गोळा करायचं, पुढच्यांनी तितक्याच वेळात मांडायचं. त्यामुळे नेपथ्य आक्रसत गेलं: एक खुर्ची, एक पिशवी, दोन दिवे. नाटकांचीही लांबी घटली, पात्रं कमी झाली. मध्यंतर नसलेलं, एका नटाचं, तासाभराचं नाटक तिथे इतकं दिसतं त्यामागे सौंदर्यशास्त्र थोडं आणि हॉलचं वेळापत्रक जास्त आहे. 2013 मध्ये फीबी वॉलर-ब्रिज यांनी ‘फ्लीबॅग’ केलं ते असंच, एकटीने बसून. मालिका नंतर आली. त्याच वर्षी दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर याएल फार्बर यांनी भारतीय अभिनेत्रींना घेऊन बसवलेलं ‘निर्भया’ही तिथे झालं.

दुपारी नट रॉयल माइल या रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात पत्रकं देतात. प्रयोग करायचा आणि त्याचा प्रेक्षकही आपणच गोळा करायचा. 2019 मध्ये खेळांची संख्या 3,800 च्या वर गेली, तिकिटं तीस लाखांवर. इतक्या गर्दीत कित्येक मंडळ्यांसमोर मोजके प्रेक्षक बसलेले असतात, आणि तेही सगळे तिकीट काढून आलेले असतीलच असं नाही.

बुरं आहे ते इथेच. सोसायटी नाटक निवडत नाही, त्याची हमीही घेत नाही. हॉलचं भाडं, नोंदणीचे पैसे, प्रवास, जाहिरात हे सगळं मंडळीच्या पदरचं. गल्ला जमला नाही तर तोटाही तिचाच. 1996 मध्ये विनोदवीर पीटर बकली हिल यांनी यावर उपाय म्हणून ‘फ्री फ्रिंज’ सुरू केली: जागेचं भाडं नाही, तिकीट नाही, खेळ संपल्यावर प्रेक्षकांपुढे झोळी. तमाशाच्या फडाला जे माहीत होतं तिथे एडिंबरा फिरून आलं. पण राहण्याच्या खर्चावर झोळीचा इलाज चालत नाही. ऑगस्टमध्ये शहरातल्या खोल्यांची भाडी अशी चढतात की पैसेवाल्या घरातल्या, घसघशीत अनुदान मिळालेल्या किंवा कर्ज काढायची तयारी असलेल्या कलावंतांनाच महिनाभर तग धरता येतो. 1947 चे आगंतुक आज आले असते तर त्यांतल्या ग्लासगोच्या कामगार नटांना पहिल्या आठवड्यातच गाशा गुंडाळावा लागला असता.

2020 मध्ये साथीमुळे फ्रिंज रद्द झाली, स्थापनेनंतर पहिल्यांदाच. ती पुन्हा भरू लागली, आणि न पारखण्याचं ते कलमही टिकून आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या प्रायोगिक मंडळीच्या मनात तिथे जायचं असेल, तर संहिता कुणाला दाखवावी लागणार नाही. ऑगस्टमधल्या खोलीचा भाव मात्र तालमी सुरू करण्याआधी विचारून घ्यावा.